धरणे, पकडणे आणि मूठ : ग्रहणवाचक शब्दांचा तौलनिक विचार
(वर्धा जिल्ह्यातील श्रमव्यवहाराच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गातील अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेत एक अडचण वारंवार आढळते. इंग्रजी उताऱ्यात होल्ड, ग्रिप, ग्रास्प, क्लच, क्लास्प, क्लेंच, सीझ, ग्रॅब, क्लिंग अशी क्रियापदे येतात आणि विद्यार्थ्यांच्या मराठी अनुवादात त्यांच्या जागी 'धरणे', 'पकडणे' आणि 'घट्ट धरणे' ही तीनच रूपे फिरत राहतात. भेदरलेली स्त्री पत्र छातीशी धरते, पहिलवान प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरतो, मूल आईला धरते आणि शिपाई चोराला धरतो. मुळातील चार वेगळ्या कृती अनुवादात एका क्रियापदापाशी येऊन थांबतात. विद्यार्थ्यांच्या नित्य वापरातील इंग्रजी-मराठी कोशही या बाबतीत त्यांना फारसे साहाय्य करीत नाहीत. 'घट्ट' हे क्रियाविशेषण जोडून बहुतेक नोंदींची बोळवण केलेली दिसते.

यावरून मराठी या अर्थक्षेत्रात दरिद्री आहे, असा निष्कर्ष वर्गात सहज काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धरण्याच्या कृतीतील सूक्ष्म भेद मराठीतही आहेत. मात्र इंग्रजी ते भेद प्रामुख्याने क्रियापदात साठविते, तर मराठी ते प्रामुख्याने हाताच्या आकाराचे नाव असलेल्या नामात साठविते. अनुवादक क्रियापदात शोधतो, म्हणून त्याला ते सापडत नाहीत. ही नामे ज्या कामांतून घडली व टिकली, ती कामे वर्धा जिल्ह्याच्या शेतशिवारात आणि येथील सूतकताईच्या परंपरेत स्पष्टपणे पाहता येतात. म्हणून या विवेचनासाठी वर्धा जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे.

२. इंग्रजी क्रियापदांची विभागणी

इंग्रजीतील या शब्दसमूहाच्या केंद्रस्थानी 'होल्ड' आहे. ते स्थितिवाचक व तटस्थ क्रियापद आहे. वस्तू हाती आहे, एवढेच ते सांगते. 'ग्रिप'मध्ये दाबाची भर पडते. 'ग्रास्प'मध्ये बोटे वस्तूभोवती मिटण्याची क्रिया आहे, आणि त्यातूनच 'समजणे' हा लाक्षणिक अर्थ निघतो. 'क्लच'मध्ये धरणाऱ्याची भीती किंवा हव्यास व्यक्त होतो. 'क्लास्प'मध्ये वेढण्याचा आणि बहुधा जिव्हाळ्याचा भाव आहे. 'क्लेंच'ला बाहेरची वस्तू लागतच नाही. मूठ किंवा दात आपल्या आपणच आवळले जातात. 'ग्रॅब'मध्ये घाई व असभ्यता आहे, 'सीझ'मध्ये आकस्मिकता किंवा कायद्याचा अधिकार आहे, आणि 'क्लिंग'मध्ये धरणारा हा धरलेल्यापेक्षा दुबळा असतो.

या यादीतून एक गोष्ट लक्षात येते. कृतीचा जोर, वेग आणि कर्त्याची मनोवृत्ती हे तीन घटक इंग्रजी क्रियापदाच्या पोटात भरते. लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मधील आपल्या विवेचनात गतिवाचक क्रियापदांच्या संदर्भात असा भेद दाखविला होता. काही भाषा कृतीची रीत क्रियापदातच गुंफतात, तर काही भाषा ती क्रियापदाबाहेरील घटकांवर सोपवितात. धरण्याच्या कृतीलाही हा विचार काही अंशी लागू करता येतो.

३. मराठीतील विभागणी : हाताचे आकार

मराठीत 'धरणे', 'घेणे' आणि 'पकडणे' ही तीन सामान्य क्रियापदे आहेत. 'धरणे' हे संस्कृत 'धृ' धातूपासून आले आहे. टिकवून ठेवणे, आधार देणे हा त्याचा मूळ भाव आहे. 'घेणे' हे प्राकृतद्वारा 'ग्रह्' धातूशी जोडले जाते. 'पकडणे'मध्ये पळू पाहणाऱ्याला थांबविण्याची छटा आहे. म्हणून चोर पकडला जातो आणि पुस्तक धरले जाते. बाळाला कोणी 'पकडत' नाही, ते पडू लागले तरच पकडतात.

या तीन क्रियापदांच्या आधी जी नामे येतात, त्यांत खरी सूक्ष्मता आहे. चिमटी ही अंगठा व एकदोन बोटांच्या टोकांनी होते. मूठ म्हणजे तळहातावर मिटलेली चारही बोटे. पसा म्हणजे एका तळहाताची खोलगट. ओंजळ म्हणजे दोन पसे जोडून झालेले पात्र. कव म्हणजे दोन्ही बाहूंचा वेढा. यांना काख, कड, ओटी, पदर ही शरीराची व वस्त्राची स्थाने जोडावीत. चिमटीत धरणे, मुठीत आवळणे, ओंजळीत घेणे, कवेत घेणे, काखोटीला मारणे, कडेवर घेणे, पदरात घेणे या प्रत्येक प्रयोगात क्रियापद जवळजवळ बदलण्याजोगे आहे. अर्थाचा भार नाम वाहते.

या नामांची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. 'मूठ' ही 'मुष्टि'पासून, 'ओंजळ' ही 'अंजलि'पासून आणि 'पसा' हा 'प्रसृत', म्हणजे पसरलेला तळहात, या शब्दापासून आला. येथे अध्यापकांनी एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या 'पसायदाना'चा या 'पशा'शी संबंध नाही. तेथील 'पसाय' हा 'प्रसाद' या शब्दाचा तद्भव आहे. पसा पसरून मागितलेले दान ही लोकव्युत्पत्ती कितीही मनोरम वाटली, तरी ती शास्त्रशुद्ध नव्हे.

यांपैकी बहुतेक नामे एकाच वेळी तीन कामे करतात. ती हाताचा आकार सांगतात, धरण्याची रीत सांगतात आणि मापही सांगतात. चिमूटभर मीठ, मूठभर तांदूळ, पसाभर दाणे, ओंजळभर फुले ही मापांची चढती श्रेणी आहे. इंग्रजीत हे मुळीच नाही असे नव्हे. 'पिंच' हा शब्द कृती व माप या दोन्ही अर्थांनी येतो, आणि 'हँडफुल', 'आर्मफुल' ही मापेही आहेत. उलट मराठीतही कवटाळणे, बिलगणे, हिसकावणे, बळकावणे, आवळणे अशी रीतिवाचक क्रियापदे आहेत. तेव्हा हा भेद आत्यंतिक नसून प्रवृत्तीचा आहे. मात्र पसा व ओंजळ यांतील फरक इंग्रजीला एका शब्दात सांगता येत नाही, आणि 'क्लच'मधील भीती मराठीला एका क्रियापदात सांगता येत नाही.

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. अशा कोशात पसा, ओंजळ किंवा कव यांचा अर्थ देताना इंग्रजीला एक शब्द पुरत नाही, वर्णन करावे लागते. इंग्रजीकडून मराठीकडे येताना मराठी दरिद्री भासते आणि मराठीकडून इंग्रजीकडे जाताना इंग्रजी. दारिद्र्य भाषेत नसून प्रवासाच्या दिशेत आहे.

शरीरशास्त्राने या विभागणीला अनपेक्षित पुष्टी दिली आहे. जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये मानवी हाताच्या पकडींचे दोन मूलभूत प्रकार सांगितले. एक जोराची पकड, जिच्यात वस्तू बोटे व तळहात यांच्यामध्ये दाबली जाते; दुसरी नेमकेपणाची पकड, जिच्यात ती अंगठा व बोटांच्या टोकांमध्ये राहते. मराठीची 'मूठ' आणि 'चिमटी' ही नेमकी हीच जोडी आहे. ज्यात वस्तू पकडली न जाता केवळ पेलली वा ढकलली जाते, अशा हालचाली नेपियर यांनी पकडीच्या बाहेर ठेवल्या. मराठीने मात्र अशा पेलण्यालाही ओंजळ आणि पसा ही नावे देऊन त्याच मालिकेत बसविले.

४. शेतातील हात

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि पलीकडे वऱ्हाड सुरू होतो. त्यामुळे येथील बोलीत वऱ्हाडी व नागपुरी या दोन्हींची सरमिसळ आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या दोन्ही बोलींची नोंद आहे. हिंगणघाटचे नाव तर एकोणिसाव्या शतकातच कापसाच्या व्यापारात रूढ झाले होते. अशा कापूसप्रधान प्रदेशात धरण्याचे शब्द कसे वापरले जातात, हे तीन कामांच्या आधारे पाहता येईल.

पहिले काम वेचणीचे. फुटलेल्या बोंडातून कापूस काढताना बोटांची टोकेच वापरावी लागतात. संपूर्ण बोंडावर मूठ घातली, तर वाळलेला पाला व टरफलाचे कण कापसाबरोबर येतात आणि मालाची प्रत उतरते. शिवाय बोंडाच्या वाळलेल्या कडा हाताला बोचतात. म्हणून अनुभवी बाई नव्याने वेचायला आलेल्या पोरीला सांगते, 'बोंडाले मूठ नको घालू वो, चिमटीनं काढ.' या वाक्यातील 'मूठ' आणि 'चिमटी' यांच्या जागी इंग्रजीतील कोणतीही दोन क्रियापदे ठेवली, तरी सूचनेचा नेमकेपणा हरवतो. कारण येथे सांगायचे आहे ते हाताने कोणता आकार घ्यावा हे. किती जोर लावावा, हे त्यातून आपोआप निघते.

दुसरे काम पेरणीचे. 'चाड्यावर मूठ धरणे' हा वाक्प्रचार पेरणीला आरंभ करणे या अर्थी मराठीत सर्वत्र परिचित आहे. तिफणीच्या नळ्यांच्या वर असलेल्या लाकडी चाड्यात बियाणे मुठीतून सोडले जाते. मूठ फार आवळली तर ओळ रिकामी राहते आणि फार सैल सोडली तर बी दाट पडते. येथे 'धरणे' या क्रियापदाचा अर्थ सम प्रमाणात सोडणे असा होतो. जी मूठ सोडण्यासाठीच धरलेली असते, तिच्यासाठी 'होल्ड' चालत नाही आणि 'ग्रिप' तर विपरीतच ठरते. 'मूठ आवळणे' आणि 'मूठ धरणे' यांत मराठीने राखलेला हा भेद शेतकऱ्याच्या हाताने शिकविलेला आहे.

तिसरे काम सोंगणीचे. विदर्भात कापणीला सोंगणी म्हणतात. डाव्या हाताच्या मुठीत जेवढी ताटे मावतील तेवढी धरायची आणि उजव्या हातातील इळ्याने बुडाशी कापायची. मुठीएवढ्या पुंजक्यांची पेंडी होते, पेंड्यांचा भारा होतो. मूठ हे येथे कामाचे एकक आहे. शरीराचा अवयव, धरण्याची रीत व पिकाचे माप या तिन्ही गोष्टी एका शब्दात कशा सामावतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील आष्टी, कारंजा व आर्वी या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. तेथे 'धरणे' आणखी एका अर्थाने येते. झाडांना काही काळ पाणी तोडून ताण द्यायचा आणि मग मृग किंवा आंबिया बहार 'धरायचा'. हा बहार हातात धरता येत नाही. तो झाडाकडून नियोजनपूर्वक मिळवायचा व टिकवायचा असतो. 'धृ' धातूतील टिकवून ठेवण्याचा मूळ अर्थ या बागाइती भाषेत आजही जिवंत आहे. पाणी अडविणाऱ्या बांधाला 'धरण' म्हणतात, तेही याच अर्थाने.

५. कताई आणि नई तालीम

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण हे तिच्या योजनेचे सूत्र होते, आणि सूतकताईच्या अभ्यासक्रमात आरंभीच्या इयत्तांना टकळीचे स्थान होते. भाषाभ्यासाच्या दृष्टीने या योजनेकडे क्वचितच पाहिले गेले आहे. वास्तविक हात आणि शब्द यांची गाठ शाळेत घालण्याचा तो एक मोठा प्रयोग होता.

कातताना पेळू ज्या रीतीने धरला जातो ती लक्षणीय आहे. पेळू अंगठा व बोटांच्या चिमटीत राहतो. परंतु चिमटी दाबली तर तंतू सुटत नाहीत आणि धागा तुटतो, ढिली सोडली तर तंतू एकदम निसटून सूत जाड होते. टकळीला गती मिळते ती चुटकीने. म्हणजे एकाच कामात एक हात गती देतो आणि दुसरा 'न दाबता धरतो'. 'घट्ट धरणे' हा कोशातील सरधोपट पर्याय येथे सर्वस्वी निरुपयोगी आहे. कातणाऱ्या मुलाला चिमटीचे हे तारतम्य आधी बोटांनी कळते आणि मग शब्दाने. 'चिमटी'चा अर्थ त्याला पाठ करावा लागत नाही.

६. आग्रह आणि ग्रहण

मूर्त धरण्यातून अमूर्त अर्थ कसे निघतात, याचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. इंग्रजीत 'ग्रास्प'चा अर्थ समजणे असा होतो. मराठीत ही जबाबदारी मुख्यतः 'ग्रह्' धातूने उचलली आहे. वेदभाषेत हा धातू 'ग्रभ्' या रूपातही आढळतो आणि तौलनिक भाषाशास्त्रात त्याचे नाते इंग्रजी 'ग्रॅब'शी सांगितले जाते. ग्रह, ग्रहण, ग्राहक, गृहीत, पूर्वग्रह, संग्रह, निग्रह, अनुग्रह, परिग्रह, पाणिग्रहण हा सर्व परिवार त्याचाच. इंग्रजीने जे भेद वेगवेगळ्या क्रियापदांनी केले, ते संस्कृतपरंपरेने एका धातूला उपसर्ग जोडून केले. संग्रहात एकत्र करणे आहे, निग्रहात आवरणे आहे, अनुग्रहात कृपेने जवळ घेणे आहे.

या परिवारातील एका शब्दाचा वर्ध्याशी विशेष संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेतील लढ्यासाठी 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हा इंग्रजी शब्द गांधीजींना अपुरा वाटू लागला, तेव्हा 'इंडियन ओपिनियन'मधून नवे नाव मागविण्यात आले. मगनलाल गांधी यांनी 'सदाग्रह' हा शब्द सुचविला. त्यात बदल करून गांधीजींनी 'सत्याग्रह' केला. त्याच मगनलालांच्या नावाचे मगन संग्रहालय १९३८ मध्ये वर्धा येथे सुरू झाले. इंग्रजी शब्दात केवळ विरोध होता आणि तोही निष्क्रिय. नव्या शब्दाने त्या जागी धरून राहण्याची कृती आणली. सत्याला धरून राहणे असा त्याचा अर्थ गांधीजींनी इंग्रजी वाचकांनाही समजावून दिला.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद विनोबांच्या शब्दप्रयोगातून पुढे येतो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ करणाऱ्या विनोबांनी पुढील काळात 'सत्याग्रही' या शब्दाबरोबरच 'सत्यग्राही' या शब्दावर भर दिला. अक्षरांचा फरक अल्प आहे. परंतु 'आग्रही' आपल्याजवळचे सत्य सोडीत नाही, तर 'ग्राही' दुसऱ्याजवळचे सत्यही स्वीकारतो. आधीच्या भागात आलेल्या शब्दांत सांगायचे, तर पहिला मूठ आहे आणि दुसरी ओंजळ. मिटलेल्या हातात जे आहे ते टिकते, उघड्या हातात नवे येऊ शकते. हे दोन्ही धरण्याचेच प्रकार आहेत, आणि मराठी वाचकाला हा भेद समजतो तो त्याच्या भाषेने मूठ व ओंजळ यांना आधीच वेगळी नावे देऊन ठेवल्यामुळे.

'धरणे' या शब्दाचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. मागणी मान्य होईपर्यंत दारात बसून राहण्याला मराठीत 'धरणे धरणे' म्हणतात. या कृतीसाठी इंग्रजीला आपला शब्द पुरला नाही. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात हा शब्द भारतीय रूपातच दाखल झालेला दिसतो.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून अनुवाद, कोशरचना आणि अध्यापन या तिन्ही क्षेत्रांसाठी काही सूचना निघतात. अनुवादकाने इंग्रजी क्रियापदासाठी मराठी क्रियापदच शोधण्याचा हट्ट सोडावा. 'क्लच'साठी 'घट्ट धरणे' लिहिण्याऐवजी पत्र मुठीत आवळले, छातीशी कवटाळले की पदराआड धरले, हे आधी ठरवावे. 'क्लिंग'साठी मूल असेल तर 'बिलगणे', जुनी समजूत असेल तर 'कवटाळून बसणे', आणि धावत्या गाडीच्या दारातील प्रवासी असेल तर 'लोंबकळणे' असे पर्याय आहेत. मराठी या ठिकाणी इंग्रजीपेक्षा अधिक भेद करते.

कोशकारांनी क्रियापदांच्या नोंदीत हस्तवाचक नामांचे प्रयोग समाविष्ट करावेत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) बोलीतील शब्दांना जे स्थान दिले, ती परंपरा पुढे नेण्याची आवश्यकता आहे. ही आवश्यकता केवळ शास्त्रीय नाही. वर्धा जिल्ह्यातील ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने व्यापले, तिफणीची जागा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने घेतली आणि काढणीसाठी हार्वेस्टर येऊ लागला. चाड्यावर मूठ धरणारा हात शेतातून निघून गेला की तो वाक्प्रचार काही काळ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत टिकेल. परंतु त्यातील 'धरणे' म्हणजे सोडणे होते, हे सांगणारा कोणी उरणार नाही. वेचणी अद्याप बऱ्याच अंशी हातानेच होते, म्हणून 'चिमटी' अजून शाबूत आहे.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण विद्यार्थ्यांना पाठ असते, पण मूठ, पसा आणि ओंजळ यांतील फरक विचारला तर त्यांपैकी अनेकांना तो सांगता येत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांनी आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांकडून, विशेषतः शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांकडून, असे शब्द त्यांच्या कामांसह लिहून घेतले, तर प्रकल्पलेखनाला खरा विषय मिळेल. त्या विद्यार्थ्यांच्या घरी हे ज्ञान आहे. वर्गात मात्र त्यांना आपली भाषा दरिद्री असल्याचे ऐकावे लागते. तो गैरसमज दूर करणे हे मराठीच्या अध्यापकाचे पहिले काम आहे.